६३ सीसी पेट्रोल ऑगर: कुंपणाच्या खड्ड्यांसाठी गोव्यात घ्यावं का?

हे मशीन मातीत खड्डा पाडतं, जांभ्यात पाडत नाही. गोव्यात ऑगर घेण्याआधी एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल. दुकानातल्या व्हिडिओत बिट, म्हणजे खाली फिरणारं स्क्रूसारखं पातं, लोण्यात सुरी जावी तसं जमिनीत उतरताना दिसतं. ती जमीन सत्तरीतल्या काजूच्या भाटाची (बागायतीची) नसते आणि पेडण्याच्या सड्याची (जांभ्याच्या कातळी पठाराची) तर नसतेच.

तरीही योग्य जमिनीत आणि योग्य महिन्यात ६३ सीसीचं ऑगर हे कुंपणाच्या कामासाठी फार उपयोगाचं यंत्र आहे. त्याचा सगळ्यात मोठा फायदा मात्र वेग नाही, तर खड्ड्याचा अरुंदपणा आहे. खरेदी करताना सहसा कोणी हा हिशेब मांडत नाही, म्हणून तो आधी.

पारय (पहार) आणि पिकासने दोन फूट खोल खड्डा मारायचा तर तो तोंडाशी दीड फूट लांब-रुंद होतोच, नाहीतर आत हात चालत नाही. त्या खड्ड्यात ४ बाय ४ इंची सिमेंटचा पोल उभा केला की भोवती भरायला साधारण १२० लिटर जागा उरते. ऑगरचं ८ इंची बिट त्याच खोलीचा जो खड्डा पाडतं, त्यात पोल सोडून उरते जेमतेम साडेतेरा लिटर. १:२:४ (सिमेंट, रेती, खडी) च्या मिश्रणात सिमेंटच्या एका पोत्याचं कॉंक्रिट दीडशे लिटरच्या थोडं वर होतं. म्हणजे ऑगरच्या खड्ड्यांत एका पोत्यात ११ पोल बसतात आणि हाताच्या खड्ड्यांत एक पोल कसाबसा. हातच्या खड्ड्यात आपल्याकडे चिऱ्याचे तुकडे भरून कॉंक्रिट वाचवतात हे खरं. पण अर्धा खड्डा तुकड्यांनी भरला असं धरलं तरी १०० मीटर कुंपणाला, ८ फुटांवर एक पोल या मापाने, १६ पोती लागतात. ऑगरला चार. रेती-खडीचाही हिशेब त्याच प्रमाणात, आणि डोंगरउतारावरच्या भाटात हे सगळं डोक्यावरून न्यायचं असतं, ती मजुरी वेगळीच. शिवाय अरुंद खड्ड्याच्या भिंतींची माती हललेली नसते, त्यामुळे पोल घट्ट बसतो.

आता बिटाचं माप. ४ बाय ४ चा पोल कर्णावर साडेपाच इंचांहून जास्त भरतो, म्हणून ६ इंची खड्ड्यात तो ओळंब्यात आणायला जागाच राहत नाही. सिमेंटच्या पोलला ८ इंची बिट, दोन इंची जीआय पाइप किंवा लोखंडी अँगलला ६ इंची. १२ इंची बिट कोपऱ्याच्या आणि गेटच्या पोलपुरतं ठीक, तेही मऊ मातीत. लाल मातीत १२ इंची बिट फिरवायला ६३ सीसीची ताकद पुरत नाही, क्लच घसरतो. अशा ठिकाणी ८ इंचीने शेजारी-शेजारी दोन खड्डे पाडून मधली भिंत पारयेने पाडणं सोपं पडतं. झाडं लावायला हे मशीन घेणाऱ्यांनी मात्र थांबावं. नारळाला मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा लागतो, काजूच्या कलमाला दोन फुटांचा. ३० सेंटीमीटरच्या गोल भोकात कलम लावलं तर मुळं भिंतीला टेकून तिथेच फिरतात.

जमिनीची परीक्षा पारयेनेच करा. खड्ड्याच्या जागी पारय जोराने मारावी. प्रत्येक घावाला तीन-चार इंच आत गेली तर ऑगर चालेल. खणखणून उसळली तर खाली जांभा आहे, तिथे इलेक्ट्रिक ब्रेकर आणि जनरेटर हाच मार्ग. मधल्या प्रकारची, म्हणजे खडीमिश्रित लाल माती असेल तर सगळं महिन्यावर अवलंबून. चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की दिवाळीच्या पुढे महिनाभर या मातीत ओल असते, तेव्हा दोन फुटांचा खड्डा पाच-सहा मिनिटांत होतो. तीच माती शिगम्यापर्यंत इतकी आवळते की बिट वरच्या वर गुळगुळीत वाटी कोरत बसतं. उन्हाळ्यातच काम करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक खुणेवर चार-पाच इंचांची खळगी करून बादलीभर पाणी ओतून ठेवावं. सकाळी फरक कळतो.

किनारपट्टीच्या रेताड जमिनीत दुखणं उलटं. बिट मिनिटभरात तळाला जातं आणि बाहेर काढलं की खड्डा ढासळतो. तिथेही आधी पाणी ओतायचं, आणि खड्डा पडताच ८ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आत सरकवायचा. पोल आणि कॉंक्रिट आत गेल्यावर पाइप हळूहळू वर ओढून घ्यायचा, तोच तुकडा पुढच्या खड्ड्याला. खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) काळ्या चिकणमातीत बिट सहज उतरतं पण वर येत नाही, कारण माती पात्यांना धरते आणि खालून ओढ लागते. दर चार इंचांना बिट वर काढून लाकडी पट्टीने पाती खरवडणं, याला तिथे पर्याय नाही. खाजनात काम झालं की बिट आणि शाफ्ट गोड्या पाण्याने धुऊन तेल लावा, नाहीतर खाऱ्या मातीने पिन जागेवरच गंजते आणि पुढच्या वेळी हातोड्याने ठोकून काढावी लागते.

मशीनबद्दल. ६३ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन, सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप धरणारा), खाली ३० ते ४० ला १ असा वेग कमी करणारा गिअरबॉक्स, बहुतेक मशीनना २० मिलिमीटरचा शाफ्ट. बिट सुमारे ८० सेंटीमीटर लांब. ८ इंची बिटासह वजन १५ किलोच्या आसपास, त्यात मातीने भरलेलं बिट वर उचलायचं. दुकानात एचपीचे आकडे मोठमोठे सांगतात, तिकडे लक्ष देऊ नका. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, विचारा: ४८ मिलिमीटर असेल तर ६३ सीसी, ४४ असेल तर स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो, इंजिन ५२ सीसीचं. ५२ वाईट नाही. रेताड आणि भरावाच्या मातीत ६ इंची बिटाला ते पुरतं, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे ५२ सीसीच्या ग्रास कटरचंच ते इंजिन. कार्बोरेटर, प्लग, स्टार्टर, पिस्टन गावोगावी ग्रास कटर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतात. ६३ चे सुटे भाग मिळतात, पण थोडं शोधावं लागतं. गिअरबॉक्सचे दाते मात्र दोन्हींचे मागवूनच घ्यावे लागतात. म्हणून गिअरबॉक्समधलं ग्रीस दर २०–२५ तासांच्या कामानंतर बघायचं. तो हात लावून धरवत नाही इतका तापला, तर ग्रीस संपलंय.

सगळ्यात जास्त मशीनं बिघडतात ती चुकीच्या पद्धतीने चालवल्यामुळे. चुन्याने खूण केल्यावर आधी पारयेने चार इंच खळगी करा, म्हणजे बिटाचं टोक भटकत नाही. मग थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण. अर्ध्या थ्रॉटलवर क्लच धड धरतही नाही आणि सोडतही नाही. अस्तर जळतं, जळका वास येतो, आणि दोन दिवसांत बिट फिरणं बंद. वरून अंगाचा भार देऊ नका, बिट आपल्या वजनाने उतरलं पाहिजे. सहा-आठ इंच गेलं की फिरत असतानाच वर उचलायचं, माती तोंडापासून लांब फेकायची, परत खाली. हे न करता बिट एका दमात खाली जाऊ दिलं तर ते स्क्रूसारखं जमिनीत रुततं. रुतलं की इंजिन बंद. पाइप पान्याने शाफ्ट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून बिट मोकळं करायचं. इंजिन चालू ठेवून दोघांनी हिसके देणं म्हणजे गिअरबॉक्स तोडायचा हमखास उपाय. तळाला दोन-तीन इंच भुसभुशीत माती राहतेच. ती करवंटीने किंवा डब्याने काढून टाका, नाहीतर पहिल्या पावसात पोल खचतो.

आणि झटका. बिट फणसाच्या किंवा काजूच्या मुळात, नाहीतर दगडात अडकलं की ते थांबतं आणि हँडल फिरतं. ४० ला १ च्या गिअरबॉक्समुळे हँडलच्या टोकाला साधारण ३० किलोचा धक्का बसतो, तोही अचानक. मनगट मुरगळणं, मांडीवर घाव, बरगडी दुखावणं हे सगळं होतं. हँडलची चौकट डाव्या मांडीला टेकवून, पाय फाकवून, कोपर थोडे वाकवून उभं राहायचं. हात ताठ नकोत. थ्रॉटल अंगठ्याने सुटेल असा धरायचा. ८ इंची बिटाला दोन माणसांचं हँडल लावणं केव्हाही बरं. गमछा, लुंगी, सैल शर्ट बिलकूल नको. जाड तळाचे बूट, चष्मा आणि कानाला बंदोबस्त हवाच. खणण्याआधी नळाची लाइन, भूमिगत वीजवाहिनी आणि सेप्टिक टाकीचा पाइप कुठून जातो ते घरमालकाला विचारून घ्या. ज्यांना रोजच हे काम आहे त्यांनी स्टील (Stihl) या कंपनीचं बीटी १३१ हे ऑगर बघावं. इंजिन ३६.३ सीसीचंच, पण त्याला ब्रेक आहे. बिट अडकून मशीन फिरलं की ते मांडीला लागून बिट थांबतं. किंमत कितीतरी जास्त, पण ठेकेदारासाठी तो खर्च योग्य आहे. स्वस्त मशीनमध्ये हा ब्रेक नसतो, ही त्यांची सर्वांत गंभीर उणीव.

बिटाची पाती लाल मातीत लवकर झिजतात. बोल्टने बसवलेली, बदलता येणारी पाती असलेलंच बिट घ्या. वेल्ड केलेली पाती झिजली की वेल्डरकडे हार्डफेसिंगचा, म्हणजे कठीण धातूचा, थर चढवून मिळतो, तो बराच टिकतो. मधलं माशाच्या शेपटीसारखं टोक बोथट झालं की बिट सरळ जात नाही. आधी त्याला धार लावा.

इंधनात हयगय केली तर इंजिन एका मोसमात जातं. पेट्रोल आणि ऑइल २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर टू-टी (दोन-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल), पुस्तिकेत वेगळं लिहिलं नसेल तर. मिश्रण डब्यात हलवून मग टाकीत; टाकीतच ऑइल ओतलं तर ते तळाला बसतं आणि पहिली पाच मिनिटं प्लग भिजतो. पूर्ण लोडवर तासाला लिटरभर लागतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच. टाकीत पेट्रोल ठेवून पावसाळा काढला की पाणी तळाला उतरतं, कार्बोरेटरचा पडदा ताठरतो, प्राइमरचा (पेट्रोल ओढून घ्यायचा) फुगा आणि नळ्या चिरतात. मे महिन्यातलं काम संपलं की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लग काढून आत चमचाभर टू-टी सोडा, दोरी दोनदा हळू ओढा आणि प्लग परत बसवा. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा. लाल धूळ त्यात रोज बसते.

किंमत बिटासह १० ते २० हजारांच्या दरम्यान. पाच-पन्नास पोल एकदाच उभे करायचे असतील तर घेऊ नका, भाड्याने आणा. गावातल्या चार बागायतदारांनी मिळून एक घेतलं तर उत्तम. ट्रॅक्टरला जोडायचं ऑगर याहून खूप ताकदीचं असतं, पण कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि उतारावर ट्रॅक्टर पोचत नाही. कृषी कार्ड असेल तर विभागीय कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशी खरेदीआधी करा.

दुकानात मशीन चालू करून घ्या, खोक्यातलं बंद मशीन घेऊ नका. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल सोडलेला असताना, बिटाचा शाफ्ट फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडल स्क्रू चढलेला आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेलेली आहे. गिअरबॉक्सच्या सीलभोवती ग्रीस ओघळलेलं नाही ना बघा, शाफ्ट आणि बिट यांच्यात पिन सैल हलत नाही ना बघा. आणि निघताना दोन प्लग, स्टार्टरची दोरी, पात्यांचा एक जोड, बिटाच्या दोन जादा पिना आणि एक प्राइमर फुगा घेऊनच बाहेर पडा.