स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात सरस कोण: मिलिसेंट फॉसेट की एमेलिन पँकहर्स्ट?

ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय निघाला की पहिलं नाव येतं पँकहर्स्ट यांचं. साहजिकच आहे. 1903 मध्ये त्यांनी मँचेस्टरला संघटना काढली, घोषवाक्य घेतलं ‘शब्द नकोत, कृती हवी’. पुढे काचा फुटल्या, टपालपेट्या पेटल्या, तुरुंगात उपोषणं झाली. सरकारने नळी घालून जबरदस्तीने अन्न भरवलं. 1913 च्या कायद्याने तर उपोषणाने खंगलेल्या बाईला सोडायचं आणि जरा सावरली की परत आत टाकायचं! लोक त्याला ‘मांजर-उंदीर कायदा’ म्हणत. वाचताना आजही अंगावर काटा येतो.

फॉसेट यांचा मार्ग सनदशीर: अर्ज, सभा, खासदारांच्या गाठीभेटी. पण फेब्रुवारी 1907 मध्ये त्यांच्या संघटनेच्या मोर्चात सुमारे 3,000 बायका लंडनच्या चिखलातून चालल्या. भल्या घरच्या बाईने असं रस्त्यावर उतरणं तेव्हा अब्रूवर बेतायचं. मला तेही धाडसच वाटतं.

देशाचं लक्ष वेधून घेण्यात पँकहर्स्ट सरस. चिकाटीत मात्र माझा कौल फॉसेट यांना. 1918 मध्ये फक्त तिशीपुढच्या, तेही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना मत मिळालं. पुरुषांच्या बरोबरीचा हक्क आला 2 जुलै 1928 ला. पँकहर्स्ट 14 जूनलाच वारल्या होत्या. 81 वर्षांच्या फॉसेट त्या दिवशी संसदेत हजर होत्या. एकोणिसाव्या वर्षी, 1867 मध्ये, विचारवंत आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांचं याच मागणीवरचं भाषण त्यांनी तिथेच बसून ऐकलं होतं.