स्विफ्ट ३० मिमी खाली बसवली: अकरा महिने, चौदा हजार किलोमीटरनंतर

गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. काम सुरू केलं तेव्हा मीटरवर ९२ हजार होते, आज १ लाख ६ हजार आहेत. राहायला साताऱ्यात. महिन्यातून दोन-तीनदा पुणे, रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला, आणि अधूनमधून वाईवरून पसरणी घाटाने पाचगणी. म्हणजे वळणं मला रोजच्या जेवणासारखी आहेत. या गाडीवर माझा जीव आहे आणि ती विकून दुसरी घ्यायची इच्छा नव्हती. पण पुण्याहून येताना खंबाटकीच्या वळणांवर ती आधी एका अंगावर कलायची आणि मग वळायची. मागे बसलेली आई दरवाजावरचं हँडल धरून बसायची.

मला आधी गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगच हव्या होत्या. खरं सांगायचं तर चाक आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यामधली ती चार बोटांची फट डोळ्यांत सलायची. एका गॅरेजवाल्याने आठशे रुपयांत मूळ स्प्रिंगची कॉइल कापून देतो म्हणून सांगितलं. तिथून निघालो ते बरं झालं. कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते हे खरं, कारण गुंडाळे कमी झाले की तेवढ्याच वजनाला ती कमी दबते. पण गाडी जेवढी खाली येते त्या मानाने तो कडकपणा पुरत नाही. त्यात टोकाचा सपाट गुंडाळा निघून गेल्यामुळे स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबकळलं की ती जागेवर सैल होऊ शकते. गॅसने तापवून कापली तर पोलादाची ताकदच जाते. घाटात उतरणाऱ्या गाडीवर हा प्रयोग कुणीही करू नये, एवढं कळकळीने सांगतो.

मग शांतपणे बसून क्रम ठरवला: टायर, झिजलेले भाग, स्प्रिंग, आणि प्रत्येक टप्प्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. आज मागे वळून बघताना वाटतं की या अख्ख्या कामात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हा क्रमच होता. स्प्रिंग आधी टाकल्या असत्या तर आधी कळस मग पाया झाला असता.

जूनच्या सुरुवातीला टायर बदलले. व्हीएक्सआयला मूळ टायर १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची). त्याच पिढीच्या वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, कंपनीच १८५/६५ आर १५ देत होती, म्हणून तोच आकार घेतला. गणित बघा: जुन्या टायरची उंची साधारण ६२० मिमी, नव्याची ६२१. म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही, टायर कुठे घासत नाही, आणि कंपनीने याच गाडीला मान्य केलेल्या आकाराबाहेर आपण जात नाही. रबर मात्र २० मिमीने जास्त रुंद होतं आणि टायरची बाजू १३२ वरून १२० मिमीवर येते. वळणात वाकते ती हीच बाजू. वापरलेल्या अलॉय रिम ११ हजारांना मिळाल्या. पैसे देण्याआधी चारही चाकं बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघितली, तर एकीची कड डगडग हलत होती. ती बदलून घेतली. जुनी चाकं घेणाऱ्याने एवढं तरी करावंच, आणि नव्या म्हणून मिळणाऱ्या टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा: पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष.

टायरचे १९,६०० गेले, जुन्यांचे तीन हजार परत आले. आणि फरक? स्टेअरिंगच्या उत्तरातला निम्म्याहून जास्त फरक या एका बदलाने पडला, असं मी छातीठोकपणे म्हणेन. साताऱ्याचा पाऊस या टायरवर पूर्ण काढला. यवतेश्वरच्या ओल्या वळणांवर पुढचं टोक पूर्वी जिथे बाहेर सरकायचं, तिथे ते आता रेषेत राहतं. गाडी तेव्हा एक मिलिमीटरही खाली आलेली नव्हती. ज्यांच्याकडे ३० हजारच आहेत त्यांनी इथेच थांबावं आणि उरलेल्या पैशात हवेचं स्वतःचं मीटर घ्यावं. माझ्या मीटरवर तपासलं तर दोन पंक्चरवाल्यांच्या मीटरमध्ये चार पीएसआयचा फरक निघाला होता. टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलीच हवा मी ठेवतो.

ऑगस्टमध्ये शॉकअप, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात), लिंक रॉड (कलणं रोखणाऱ्या दांड्याला जोडणारी काडी). जुना शॉकअप काढून हाताने दाबला तर तो आत गेला आणि आतच राहिला, वर यायचं नावच नाही. ९२ हजारांनंतर दुसरं काय होणार! स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, पण एकदा दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवर घालतो तो शॉकअप. मेलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली की गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर दोन-तीनदा नाचत राहते. लोक त्यालाच ‘स्पोर्टी राइड’ समजतात, आणि घाटात त्याच नाचण्यात टायर रस्ता सोडतो. पुढचे शॉकअप माउंट-बेअरिंगसह ७,८००, मागचे ३,४००, लिंक रॉड १,४००. कंपनीचेच साधे घेतले. ३० मिमीपर्यंत ते चालतात असं मला सांगितलं होतं, आणि आतापर्यंत तरी चालले आहेत.

सप्टेंबरअखेर स्प्रिंग. चारचा संच १४,५०० रुपये. कॉइलओव्हरच्या (उंची कमीजास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या) चांगल्या संचाचा भाव मला लाखाच्या पुढे सांगितला होता, तो विषय तिथेच संपला. खाली किती आली हे जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. चाकाच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. माझ्या गाडीत पुढे ते अंतर ३७.५ सेंमी होतं, बसवल्या दिवशी ३५ झालं, आणि दोन महिन्यांनी स्प्रिंग बसून बसून ३४.४ वर स्थिरावलं. म्हणून पहिली अलाइनमेंट शेवटची समजू नये. माझ्या तीन झाल्या. दुसरीच्या वेळी पुढच्या टायरवरून तळहात फिरवला तर बाहेरून आत हात गुळगुळीत जायचा आणि आतून बाहेर येताना करवतीच्या दातांसारखा अडायचा. टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळण्याचा कोन, सरकला होता. अजून हजार किलोमीटर तसाच चालवला असता तर पाच हजारांचा टायर बाहेरच्या कडेने सोलून निघाला असता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, कळलं ते हाताला.

आता तो प्रसंग, ज्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. नोव्हेंबरमध्ये ब्रेक दाबला की पुढून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला. लोअर आर्मना तीन महिनेही झाले नव्हते. ज्या गॅरेजने काम केलं त्यांनी ‘खाली बसवली की आवाज येणारच’ म्हणून हात झटकले. मग साताऱ्यातल्या एका जुन्या फिटरकडे गेलो, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी गाडीखाली टॉर्च धरला आणि मला वाकायला लावलं. आर्मच्या मागच्या बुशचं (जोडातल्या रबरी नळीचं) रबर एका बाजूने फाटून त्याची जीभ बाहेर आली होती.

“मामा, भाग डुप्लिकेट लागला का?”

“भाग चांगलाय. आवळलाय चुकीचा. गाडी जॅकवर, चाक लोंबतंय, आन् बोल्ट टाइट केलाय. गाडी खाली टेकली की रबराला पीळ पडतो. त्यात तुम्ही अजून खाली बसवली, म्हंजे पीळ दुप्पट. किती दिवस टिकंल?”

त्यांनी नवे आर्म लावले, पण आतले बोल्ट हातानेच अडकवून ठेवले. चारही चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले, गाडी त्यावर उतरवली, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबून हलवली. “आता ती तिच्या पायावर उभी हाय,” असं म्हणत खाली झोपून पाना लावला. मागच्या ॲक्सलच्या बुशचे बोल्टही सैल करून तसेच परत आवळले. ४,२०० रुपये दुसऱ्यांदा गेले, पण तो आवाज आजतागायत परत आला नाही. गाडी खाली बसवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या फिटरला हा एक प्रश्न आधी विचारावा: बुशचे बोल्ट कधी आवळणार? उत्तरावरून गॅरेज कळतं.

मामांनीच बफरही दाखवले. शॉकअपच्या दांड्यावरचा तो फोमचा तुकडा उंची कमी झाल्यावर लवकर दबतो, म्हणून बरेच जण तो काढूनच टाकतात. मग मोठ्या खड्ड्यात शॉकअप आतून लोखंडावर लोखंड आदळतो. माझ्या स्प्रिंगसोबत आखूड बफर आले होते, तेच लावले.

३० मिमीने नेमकं काय होतं? लहान गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. तो ३० मिमी खाली आला की वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन पाच-सहा टक्क्यांनी कमी होतं. चांगलं आहे, पण तेवढंच. कलणं कमी झालं त्याचं मोठं श्रेय स्प्रिंगच्या कडकपणाला आहे. उलट स्विफ्टसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या) गाडीत जास्त खाली गेलं की पुढचे लोअर आर्म चाकाकडे वर चढू लागतात, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. मग कलायला उलट जास्त वाव मिळतो आणि उंचवट्यावर स्टेअरिंग आपोआप इकडेतिकडे ओढू लागतं. ५०-६० मिमी खाली बसवलेल्या गाड्या फोटोत देखण्या दिसतात. त्या घाटात चालवून बघा, मग बोला.

चालवायला आता कशी आहे? पसरणीत दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना गाडी एका झटक्यात बसते आणि बाहेर पडेपर्यंत तशीच बसून राहते. मध्येच स्टेअरिंग सुधारावं लागत नाही. महामार्गावर ट्रकला ओलांडताना वाऱ्याचा धक्का पूर्वीसारखा जाणवत नाही. आईने हँडल सोडलं, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे. तिची एक तक्रार मात्र खरी आहे: गुडघे दुखत असल्यामुळे सीटवरून उठून बाहेर पडायला आता जास्त जोर लावावा लागतो. साताऱ्यातल्या खराब गल्ल्यांत कडकपणा जाणवतो, मागच्या सीटवर जास्त. माझा मित्र पाठीला पट्टा लावतो, तो आता पुढेच बसतो.

मूळ ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, म्हणजे माझ्याकडे आता साधारण १४० उरला. एकटा असताना काही अडत नाही. पाच माणसं आणि डिकीत सामान असलं की गावातल्या गतिरोधकांवर पोटात गोळा येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, त्यावरून ही गाडी आरामात जाते. पण खेड्यात हातभर रुंदीचा, एकदम उभ्या चढाचा वरंबा घातलेला असतो. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४३ मीटरचं अंतर आहे, त्यामुळे असा वरंबा बरोबर पोटाखाली येतो. आठ महिन्यांत चार वेळा घासली, एकदा सायलेन्सरच्या पाइपला पोचा आला. इंजिनचा चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) वाचला आहे. तिरपी घालून, एकेक चाक चढवत नेतो. मायलेज सतरा-साडेसतरावरून साडेसोळावर आलं, ते रुंद टायरमुळे धरा.

हेडलाइटही तपासून घ्या. मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त खाली आला तर झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. मी भिंतीसमोर गाडी उभी करून खूण केली आणि तेवढा झोत खाली घेतला.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन्ही गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांच्या विरोधात आहेत. स्प्रिंग बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो हे गृहीत धरूनच यात पडा. मी विमा कंपनीला बदल लेखी कळवला आणि त्याची पोच जपून ठेवली आहे. मूळ स्प्रिंग ऑइल लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवल्यात, डाव्या-उजव्याच्या खुणेसह.

मजुरीचे साडेचार हजार आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे २,४०० धरून, जुन्या टायरचे वजा करून, एकूण ७० हजार गेले. त्यातले निव्वळ खाली बसवण्याचे साडेचौदा हजार. टायर, शॉकअप, आर्म या वयाच्या गाडीला आज ना उद्या लागणारच होते.

परत करायचं झालं तर टायर आणि शॉकअप डोळे मिटून करेन. स्प्रिंग घेईन, पण ३० ऐवजी २० मिमीच्या मिळाल्या तर त्या. या उंचीवर गाडीने अजून पूर्ण पावसाळा बघितलेला नाही. जुलैत कासच्या रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरले की खोली दिसत नाही, आणि तिथे मी १४० मिमीवर विसंबणार नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मामांकडे गाडी लावतोय. पावसाळ्यापुरत्या मूळ स्प्रिंग परत चढवायच्या, बुशचे बोल्ट पुन्हा ठोकळ्यांवर आवळायचे, चौथी अलाइनमेंट करायची. या बसवलेल्या स्प्रिंग गणपतीनंतर परत.