पगार अबुधाबीत, खर्च घाटंजी तालुक्यात : एनआरआय खात्यांचा वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगते, हा कुठल्या एका अ‍ॅपचा किंवा बँकेचा रिव्ह्यू नाही. पगार अबुधाबीच्या खात्यात, तिथून भारतातल्या एनआरई खात्यात (अनिवासींनी परदेशातली कमाई ठेवायचं खातं), तिथून दादाच्या खात्यात आणि शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात वेचणीच्या बायांच्या हातात रोख, अशी सगळी साखळी मी काही महिने चालवली, तिचा हा अनुभव. अबुधाबी ते भारत हा टप्पा पैसा मिनिटांत पार करतो. तो अडकतो तालुक्याच्या शाखेच्या पुढे, आणि त्याहून जास्त मोबाईल नंबरापाशी. नवीन जाणारी पोरं मात्र विचारतात, "ताई, कोणतं अ‍ॅप भारी?"

मी स्टाफ नर्स. घरी आई, दादा, वहिनी. शेती कोरडवाहू, कापूस आणि तूर, थोडं सोयाबीन. घाटंजीत माझ्या नावावर दोन खोल्या आहेत, त्या भाड्याने दिलेल्या. म्हणजे कमाई दोन्हीकडची. म्हणूनच मला एनआरई आणि एनआरओ (अनिवासींनी भारतातली कमाई ठेवायचं खातं) दोन्ही खाती ठेवावी लागली. नोकरीसाठी देश सोडला की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या, कायद्याच्या दृष्टीने आपण तेव्हापासूनच अनिवासी. भारतात किती दिवस राहिलो हा 182 दिवसांचा हिशेब आयकराचा, बँक खात्याचा नाही. गावाकडे हे दोन्ही एकात कालवून सांगतात. साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. तालुक्याच्या शाखेत मला सल्ला मिळाला तो असा : "ताई, कायले एवढा ताप करून घेता? राहू द्या ना जुनंच, कोन पाहून राह्यलं?" पाहणारं कोणी नसेलही, पण फेमात गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे, आणि हा सल्ला देणारा बाबू तोवर बदली होऊन गेलेला असेल.

माझं वाटप सोपं आहे. परदेशातली कमाई एनआरईत. तिच्यावरचं व्याज भारतात करमुक्त, आणि पैसा पुन्हा बाहेर न्यायचा तर आडकाठी नाही. घाटंजीचं भाडं आणि जुनी एफडी एनआरओत. तिथल्या व्याजावर बँक पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे 31.2 टक्के टीडीएस (हातात यायच्या आधीच कापलेला कर) कापते. आई म्हणाली, "बाप्पा, एवढं तर सावकारबी घेत नाई." भारत आणि यूएईमधल्या करारामुळे हा दर 12.5 टक्क्यांवर येऊ शकतो, पण त्यासाठी यूएईचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (करासाठी आपण तिथले रहिवासी असल्याचा दाखला) लागतं आणि ते फुकट मिळत नाही. माझ्या एवढ्याशा व्याजासाठी तो खटाटोप परवडत नाही. मी विवरणपत्र भरते आणि जास्तीचा कर परत मागते. एनआरओतून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या कागदांसह. दोन खोल्यांच्या भाड्यावर ती मर्यादा ओलांडायची वेळ माझ्यावर येईलसं वाटत नाही.

भाड्याचीही एक गंमत आहे. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने कर कापून भरायचा असतो, रक्कम कितीही लहान असो. माझा भाडेकरू पंचायत समितीजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्याला हे समजावताना माझा एक पूर्ण ऑफ गेला.

पॅनचंही तेच. आधार जोडणीतून अनिवासींना सूट आहे, पण आयकर पोर्टलवर आपण अनिवासी आहोत ही नोंद असावी लागते. जुलै 2023 मध्ये न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले तेव्हा ही नोंद नसलेल्या कितीतरी अनिवासींचे पॅनही त्यात गेले आणि टीडीएस आणखी वाढला. जाण्याआधी पोर्टल उघडून ही एक नोंद बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आता नंबराबद्दल, कारण सगळी खरी रड इथेच आहे. भारतातली बँक ओटीपी भारतातल्या नंबरावर पाठवते. आमच्याकडचे बहुतेक जण सिम घरी भावाच्या जुन्या फोनमध्ये टाकून जातात आणि ओटीपी फोनवर विचारतात. अबुधाबीत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, बोटिमसारखं अ‍ॅप लागतं. इकडे दादा वावरात, रेंज आली तर बांधावर. ओटीपीची मुदत तेवढ्यात संपते. शिवाय 90 दिवस वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते, पुढे तो दुसऱ्याला देते, आणि मग तुमच्या खात्याचे मेसेज त्या अनोळखी माणसाच्या फोनवर. म्हणून मी सिम सोबत नेलं, दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवलं, निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घेतलं. येणारा एसएमएस फुकट पडतो. रिचार्ज वेळेवर मारते, त्यासाठी फोनमध्ये गजर लावला आहे.

यूपीआयचं गणित याहून वेगळं. अ‍ॅप चालू करताना फोनमधल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, त्यामुळे घरी ठेवलेलं सिम इथे काहीच कामाचं नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जानेवारी 2023 मध्ये दहा देशांच्या मोबाईल नंबरांवर एनआरई-एनआरओ खाती यूपीआयला जोडायची परवानगी दिली. यूएई, सौदी, कतार, ओमान त्यात आहेत. प्रत्येक बँक आणि प्रत्येक अ‍ॅप ही सोय देत नाही, म्हणून खातं उघडण्याआधी हा एकच प्रश्न शाखेत विचारावा. माझ्या बँकेत सोय होती. यूएईचा नंबर जोडला त्या संध्याकाळी मी वहिनीला किराण्याचे पैसे पाठवले, आणि दादाला ओटीपीसाठी बांधावर उभं करायची गरज तिथेच संपली. या सगळ्या साखळीत मला सर्वात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट कोणती विचाराल तर हीच.

भावाच्या, म्हणजे दिरहमच्या भावाच्या, मागे मात्र लोक उगाच दमतात. यूएईचं चलन दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. डॉलर 85 रुपये असेल तर दिरहम 23.14 रुपये निघतो, मग पैसे पाठवणारं कोणतंही एक्स्चेंज काहीही म्हणो. "झिरो फी" लिहिलेलं अ‍ॅप तुम्हाला 22.95 देत असेल तर 2000 दिरहमवर 380 रुपये गेले, म्हणजे सोळा दिरहम फी भरल्यासारखंच झालं. मी फीकडे बघतच नाही, हजार दिरहम टाकले तर भारतात किती रुपये पडतात तेवढं विचारते. फीवर 5 टक्के व्हॅट लागतो, तोही त्यात येऊन जातो. एक्स्चेंजने रुपये करूनच पाठवले तर भारतातल्या बँकेला चलन बदलायचं काम उरत नाही. डॉलर येऊन इथे बदलले गेले तर बँक त्यावर जीएसटी लावते, तो कमीत कमी 45 रुपये. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालू आहे, त्यामुळे शुक्रवार-रविवारच्या सुट्ट्यांची जुनी काळजीही आता नाही.

नावाने मात्र मला दमवलं. आपल्याकडे शाळेपासून आडनाव पुढे, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर गिव्हन नेम वेगळं, आडनाव वेगळं. जुन्या पासबुकवर माझं नाव आडनावापासून सुरू होत होतं, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर होतं. एका एक्स्चेंजमधून पाठवलेली रक्कम नाव जुळत नाही म्हणून अडकली आणि बरेच दिवस ना इकडे ना तिकडे. नवीन एनआरई खातं पासपोर्टवरच्या नावाने, अक्षर न अक्षर तसंच उघडलं, तेव्हा हा त्रास संपला. लग्न झालेल्या मैत्रिणींचा घोळ दुप्पट : पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. घरच्यांचे तपशीलही मधूनमधून तपासावे लागतात. 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. आईचं खातं तिथलंच. बातमी वाचून मी पाठवणं थांबवलं, नवीन पासबुकाचा फोटो मागवला, शाखेचा आयएफएससी कोड तपासला आणि मगच पुढची रक्कम टाकली.

पैसा गावात पोचला म्हणजे काम झालं असं नाही. कापसाच्या वेचणीचा चुकारा किलोवर असतो आणि बाजाराच्या आदल्या दिवशी रोखच द्यावा लागतो. बाया स्पष्ट सांगतात, "मोबाईलमधले पैसे बाजारात कोन घेते जी, भाजीवालीले सुट्टे पायजे." गावात बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे, अंगठ्यावर पैसे निघतात, एका वेळी 10 हजारांपर्यंत. पण आईच्या अंगठ्याच्या रेघा निंदण-खुरपण करून झिजल्यात, मशीन घेत नाही. आणि बाजाराच्या आदल्या दिवशी सगळ्या गावालाच रोख हवी असते, तर बँक मित्राची पेटी दुपारीच रिकामी. मग दादा गाडी काढतो आणि घाटंजीचं एटीएम. आपल्या बँकेचे महिन्याला पाच व्यवहार फुकट, पुढे मे 2025 पासून प्रत्येकी 23 रुपयांपर्यंत. आता मी रक्कम बाजाराच्या तीन-चार दिवस आधीच टाकते. त्याला काही तांत्रिक कारण नाही, गावात रोख कधी असते आणि कधी नसते एवढंच त्यामागे आहे.

दादाला एनआरओवर मँडेट दिलं आहे, म्हणजे माझ्या वतीने तो इथले खर्च त्या खात्यातून करू शकतो : घरपट्टी, विमा, खोल्यांची डागडुजी. त्याला ते पैसे कोणाला भेट देता येत नाहीत, परदेशात माझ्याशिवाय कोणाला पाठवता येत नाहीत. जवळचा नातेवाईक निवासी असला तरी त्याला जोड खातेदार करता येतं, पण फक्त "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीने, म्हणजे मी असेपर्यंत खातं मीच चालवायचं, माझ्यानंतर त्याने. मला मँडेट जास्त बरं वाटलं. दादाला मी दिलेले पैसे भारतात करपात्र नाहीत, भाऊ नातेवाईकात मोडतो. मित्राला वर्षात 50 हजारांच्या वर दिले तर त्याला कर बसतो, तेव्हा "माझ्या नावावर टाक, मी घरी पोचवतो" म्हणणाऱ्या गाववाल्यापासून लांबच राहिलेलं बरं.

हवालावाले तिकडे लेबर कॅम्पच्या दारातच भेटतात, भावही चांगला देतात. पण तो पैसा एनआरईत येत नाही, कुठे नोंद नाही, उद्या घरासाठी कर्ज मागितलं तर बँकेला काय दाखवणार? बेकायदेशीर तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे घरच्याच्या खात्यात जमा होणारी रक्कम भलत्याच कोणाकडून येते. ती सायबर फसवणुकीची निघाली की पोलीस खातं गोठवतात, आणि ऐन पेरणीत घरचे पोलीस स्टेशनच्या चकरा मारतात. आमच्या ओळखीच्या एका घरात हे झालं आहे. फसवणुकीची तक्रार 1930 या हेल्पलाइनवर करता येते, पण दुसऱ्याच्या तक्रारीत गोठलेलं खातं मोकळं करायला त्या एका फोनचा उपयोग नाही.

अबुधाबीच्या खात्याबद्दल थोडक्यात. पगार डब्ल्यूपीएसमधून (पगार वेळेवर मिळावा म्हणून तिथल्या सरकारने केलेली व्यवस्था) वेळेवर येतो, ती व्यवस्था 2009 पासूनची आणि खरंच चांगली. किमान शिल्लक ठेवावी लागते, नाहीतर दर महिन्याला दंड. पण तिथे फार पैसा साठवू नये असं माझं मत झालं आहे, कारण खातेदार गेल्याचं कळलं की तिथली बँक खातं गोठवते आणि वारसांना कोर्टाच्या कागदाशिवाय हात लावता येत नाही. आईला अबुधाबीच्या कोर्टाची वाट दाखवण्यापेक्षा तिथे दोन-तीन महिन्यांच्या खर्चापुरतं ठेवून बाकीचं एनआरईत. भारतात 1 नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, ठेव त्यांच्यात टक्केवारीने वाटूनही. मी आई आणि दादा दोघांची नावं दिली.

घरचा खर्च पाठवायचा एवढंच काम असेल, भारतात स्वतःची काही कमाई नसेल, तर एकटं एनआरई आणि परदेशी नंबरावरचं यूपीआय पुरे, जुनं खातं बंद करून टाका. दोन वर्षं आपण काही व्यवहार केला नाही तर ते तसंही निष्क्रिय होतं आणि मग पुन्हा केवायसी. भाडं, एफडी, शेत असं काही नावावर असेल तर एनआरओ आणि मँडेट दोन्ही लागतील. मँडेटवर सही मात्र जाण्याआधी, घरच्या माणसाला सोबत नेऊन शाखेतच करा. तिकडून पाठवायची तर साक्षांकन, कुरिअर, आणि वर अपॉइंटमेंटसाठी ड्युटी बदलून मागणं आलं.