घरपोच ‘हार्ट पॅकेज’: घरात हृदयविकार असेल तर काय घ्यावं, काय सोडावं

घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला की भावंडं घाईघाईने ‘हार्ट पॅकेज’ बुक करतात. माणूस सकाळी घरी येऊन रक्त नेतो, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर. सोयीला पैकीच्या पैकी गुण. मात्र आनुवंशिक धोका ओळखायचा असेल तर यातली बरीच पॅकेजं अपुरी पडतात.

आधी ‘सत्तर-ऐंशी तपासण्या’ या जाहिरातीबद्दल. सीबीसीतला (रक्तपेशींच्या मोजणीतला) प्रत्येक आकडा वेगळी तपासणी म्हणून मोजतात, लघवीचा आणि यकृताचाही तसाच. कोलेस्टेरॉलची गुणोत्तरं तर नुसता भागाकार असतो. हृदयाच्या दृष्टीने कामाच्या गोष्टी मोजक्याच: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व इतर चरबी), उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी). थायरॉइड मंदावलं की एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढतं, म्हणून टीएसएच हवंच. होमोसिस्टीन आणि व्हिटॅमिन डी पॅकेजमध्ये आहेत म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

सर्वात मोठी उणीव लायपोप्रोटीन (ए)ची, म्हणजे हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या, एलडीएलसारख्याच एका कणाची. रक्तातलं याचं प्रमाण मुख्यतः जनुकांवर ठरतं, आहार-व्यायामाने फारसं हलत नाही, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. कुटुंबात हृदयविकार असणाऱ्यांसाठी हीच नेमकी तपासणी, आणि पॅकेजात बहुधा हीच नसते. वेगळी मागून घ्या. नावातही गफलत होते: यादीत ‘अपोलायपोप्रोटीन ए-वन’ दिसलं की झालं असं लोक समजतात. ती तपासणी निराळी. रिपोर्टवर एकक पाहा. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटर याच्या पुढे धोका वाढलेला धरतात, पण एका एककातून दुसऱ्यात सरळ गुणाकाराने जाता येत नाही. प्रमाण जास्त निघालं तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करा, आणि एलडीएल, बीपी व तंबाखू यांच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून जास्त कडक राहा.

दुसरा आकडा एलडीएलचा. प्रौढ माणसाचं एलडीएल १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर ते केवळ तेला-तुपाचं म्हणून सोडून देऊ नका. आई-वडिलांकडून जनुकांतूनच आलेल्या जास्त कोलेस्टेरॉलची शंका घ्यावी लागते. तसं असेल तर प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी, म्हणून मुलांचं लिपिड प्रोफाइल लहानपणीच करतात. इथे पथ्य लागतंच, पण एकटं पुरत नाही, औषध लागतं. हे पॅकेजसोबत येणारा आहारतक्ता कधी सांगत नाही. शिवाय अनेक लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, सूत्राने काढतात. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की ते सूत्र चालत नाही. तेव्हा बारा तास उपाशी राहून पुन्हा रक्त द्या किंवा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा.

नमुना घेताना लक्ष ठेवावं अशी जागा म्हणजे नळ्या. साखरेसाठी राखाडी झाकणाची, एचबीएवनसीसाठी जांभळ्या झाकणाची. साखरेचं रक्त साध्या नळीत पिशवीत पडून राहिलं तर पेशी साखर वापरत राहतात. आकडा तासाला साधारण ५ ते ७ टक्के खाली येतो आणि मधुमेहाची सुरुवात झाकली जाते. घरून रक्त नेण्यातला हा खरा धोका, कारण पुढची आठ-दहा घरं करूनच माणूस लॅबमध्ये पोचतो. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर एचबीएवनसी उलट खोटं जास्त दिसू शकतं. सर्दी-तापात एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) करूच नका. लॅबला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का आणि ती नेमक्या याच तपासण्यांसाठी आहे का, हेही विचारा.

रक्तदाब मात्र बहुतेक घरपोच पॅकेजांत नसतो, आणि ही चूक अक्षम्य वाटते. दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसा, दंड छातीच्या पातळीवर ठेवा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ. सरासरी १३५/८५ किंवा त्यापुढे असेल तर डॉक्टरकडे जा. पट्टा दंडाला लहान असेल तर आकडा खोटा वाढतो.

प्रश्नावलीही तोकडी. ‘धूम्रपान करता का?’ एवढाच प्रश्न. मिसरी लावणारी आजी, गुटखा खाणारा मामा त्यातून सुटतात, आणि तंबाखू कोणत्याही रूपात घातकच. कुटुंबाचा इतिहासही ‘आहे / नाही’ इतकाच. डॉक्टरला वय हवं असतं: वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत. तारीख-वयासह कागदावर लिहून न्या.

सोबत ‘मोफत’ मिळणाऱ्या ईसीजीवर विसंबू नका. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे असूनही विश्रांतीत, पडून काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. काहीच त्रास नसताना केलेली स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) अनेकदा, विशेषतः बायकांमध्ये, खोटी पॉझिटिव्ह येते. चाळिशीनंतर शंका उरलीच तर कॅल्शियम स्कोअरचं सीटी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारं स्कॅन) विचारा: शिरेत डाय नाही, काम काही मिनिटांचं. शून्य आला तरी तंबाखू चालतो असा अर्थ नाही, आणि तिशीत तो शून्य असणं फारसं काही सांगत नाही.

‘घराण्यातच आहे, काय करणार’ हे वाक्य रिपोर्ट हातात घेऊन बरेच जण म्हणतात. २०१६ साली ५५ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्यांची तुलना झाली: सिगारेट नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम, बरा आहार, या चारांपैकी किमान तीन गोष्टी सांभाळणाऱ्यांचा धोका एखादीच किंवा एकही न सांभाळणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के कमी होता. म्हणून पॅकेजच्या पैशांतून आधी बीपीचं यंत्र आणि मोजपट्टी घ्या. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. दिवसाचं मीठ माणशी चहाचा सपाट चमचाभर, लोणचं-पापड त्यातच धरून.