धारवाडचं डीएसबी २१ सोयाबीन बियाणं: दोन हंगाम पेरून बघितलं

निपाणीजवळ वेदगंगेकाठी आमचं दोन एकर रान आहे. गेल्या साली आणि यंदा दोन्ही वेळेला धारवाड कृषी विद्यापीठाचं डीएसबी २१ पेरलं, वाण तोच, रान तेच, पण बियाण्यात जमीन-अस्मानाचा फरक निघाला म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वाणाबद्दल. आमच्याकडं वर्षानुवर्षं जेएस ३३५ चालत आलंय, १९९४ चा वाण, उतारा चांगला, पण ऑगस्ट-सप्टेंबरात झिमझिम लागून राहिली की तांबेरा, म्हणजे पानावरचा बुरशीचा रोग, हमखास. पान उलटं करून बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते, मग थोड्याच दिवसात झाड पानं टाकतंय आणि शेंगेत दाणा चिमट राहतोय, असलं बी पुढच्या साली पेरलं तर उगवायला जोरच नसतोय. डीएसबी २१ ला हा रोग सोसायचा गुण जन्मापासूनच आहे, विद्यापीठानं तो क्रॉस करून आणलाय. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात उगार खुर्दला तांबेरा इतका येतोय की सोयाबीनच्या वाणांची परीक्षा तिथं घेतात. यंदा बांधापलीकडचं जेएस पिवळं पडलं तरी माझं शेवटपर्यंत हिरवं होतं. वाणाला पाचपैकी पाच.

आता गेल्या सालचं. वाफसा आला म्हणून गडबडीत तालुक्याच्या एका दुकानातून ३० किलोच्या दोन पिशव्या आणल्या, टॅगवर उगवण ७० टक्के, तेवढी सरकारी अट असतेच, आणि सरळ कुरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, पेरलं. सहाव्या दिवशी ओळीत हात-हातभर मोकळी जागा. दुकानदार म्हणाला तुम्ही खोल पेरलं. मग मी पिशवीत उरलेलं मूठभर बी कृषी खात्यातल्या ओळखीच्या माणसाला दाखवलं, त्यांनी दाणा तिरपा धरून सालीवरच्या सुरकुत्या दाखवल्या, काही दाण्यांवर जांभळट डाग पण होते. म्हणाले हे बी काढणीच्या पावसात सापडलंय, साल भिजून फुगली, वाळून आकसली, परत भिजली. सोयाबीनची साल पातळ आणि अंकूर अगदी तिच्या खालीच असतोय, म्हणून मळणीत मिशीन जोरात पळवलं किंवा हमालानं पोतं उंचावरनं आपटलं तरी मार थेट कोंबाला बसतोय. वाण कितीही चांगला असू दे, ज्या रानात ते बी पिकलं तिथला पाऊस ते बरोबर घेऊन येतंय. दुबार पेरणी, दुसऱ्यांदा बी, परत ट्रॅक्टरचं भाडं, लई वाईट वाटलं.

यंदा दुकान बदललं. नवीन दुकानदारानं न विचारता सांगितलं की हे उन्हाळी प्लॉटचं बी आहे, म्हणजे जानेवारीत पाण्यावर पेरलेलं, काढणी कडक उन्हात, त्यामुळं दाणा कोरडा आणि चकचकीत. पिशव्या लाकडी फळ्यांवर, थप्पी पण चारच पिशव्यांची. तरी मी घरी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, आईनं रोज पाणी शिंपडलं, सहाव्या दिवशी ८६ चांगले कोंब, सरळ आणि जाड. मग बियाला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंचं खत, चोळून सावलीत वाळवलं आणि पेरलं. ओळ दोरीत आल्यागत भरली.

तक्रार एकच, टॅगवर वाणाचं नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख सगळं असतंय पण बी कुठल्या हंगामात पिकवलंय ते कळत नाही. शिवाय टॅग कन्नड आणि इंग्रजीत, आमच्या आबांना मी वाचून दाखवतो, ज्यांच्या घरात वाचणारं कुणी नाही त्यांनी काय करायचं. मराठीत चार ओळी छापल्या तर या भागात लई उपयोग होईल.

यंदाच्या मळणीत अर्धा एकर बियाण्यासाठी बाजूला काढलंय, मिशीन हळू चालवून. नदीला पाणी राहिलं तर जानेवारीत तेच उन्हाळी टाकणार आहे.