बॅबोलाट प्युअर ड्राइव्ह: जोर आयता मिळतो, तो वापरायचा कुठे?

बॅबोलाट कंपनीची ही टेनिस रॅकेट: तारांशिवाय ३०० ग्रॅम वजन, १०० चौरस इंच हेड (तारांचा भाग), १६ उभ्या नि १९ आडव्या तारा, मधल्या भागात २६ मिमीपर्यंत जाड फ्रेम. प्युअर ड्राइव्हचा सगळा स्वभाव या शेवटच्या आकड्यात आहे. जाड, ताठ फ्रेम चेंडू लागताना कमी वाकते, त्यामुळे वाकण्यात कमी जोर वाया जातो. छोट्या स्विंगवरही चेंडू पलीकडच्या बेसलाइनजवळ (कोर्टाच्या मागच्या रेषेजवळ) पडतो. जोरदार सर्व्हिस नुसती अडवून परतवावी, तर ही रॅकेट लाजवाब.

अडचण रॅलीत, म्हणजे चेंडू सलग इकडून तिकडे जात असताना येते. लवचिक रॅकेटची सवय असलेला खेळाडू तोच सपाट फटका मारतो आणि चेंडू हातभर बाहेर जातो. मग तो चेंडू लागायच्या क्षणी हात आखडता घेतो. इथेच चूक होते. स्विंग मंदावला की टॉपस्पिन (चेंडूची पुढच्या दिशेची फिरकी) आटतो, आणि टॉपस्पिन नसेल तर चेंडूला कोर्टात खाली ओढायला नुसतं गुरुत्वाकर्षण उरतं. उपाय नेमका उलटा: हाताचा वेग तसाच ठेवा, रॅकेटचं टोक चेंडूच्या खाली न्या आणि खालून वर घासत मारा. नेटच्या वर मीटरभर उंचीचं लक्ष्य धरा. आणि बहुतेक चेंडू तिरपे मारा. नेट मध्यभागी ०.९१४ मीटर, खांबांशी १.०७ मीटर, शिवाय एकेरीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर सरळ रेषेपेक्षा सुमारे १.४ मीटरने जास्त. जास्तीचा जोर मावायला एवढी जागा पुरते. सरळ रेषेतला फटका पाय नीट रोवलेले असतील तेव्हाच.

दुसऱ्या सर्व्हिसलाही हेच लागू: वेग कमी नको, घासणं जास्त हवं. व्हॉलीला (टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्याला) मात्र बॅकस्विंग, म्हणजे रॅकेट मागे नेणं, जवळपास शून्य ठेवा. ड्रॉप शॉट (नेटपलीकडे हळूच टाकलेला चेंडू) ही या रॅकेटची दुबळी बाजू आहे. चेंडू तारांवर पुरेसा रेंगाळत नाही, हाताला अंदाज लागायला वेळ जातो.

गटिंगकडे (तारा ओवण्याकडे) दुर्लक्ष केलंत तर वरचं सगळं फुकट. मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) २५ किलो ताणापासून सुरू करा. चेंडू लांब जात असेल तर एकेक किलो वाढवा. पूर्ण पॉलिएस्टर (कडक तार) आणि ही ताठ फ्रेम, ही जोडी कोपरावर फार कठोर आहे. टॉपस्पिनसाठी पॉलिएस्टर हवंच असेल तर फक्त उभ्या तारांत, २३ किलोच्या आसपास, आणि आडव्या मल्टिफिलामेंट. पॉलिएस्टर तुटण्याची वाट बघू नका. ते आधीच ढिलं पडतं, काल आत पडणारा चेंडू आज बाहेर जायला लागतो आणि दोष फटक्याला दिला जातो. टेनिस एल्बो (कोपराचं दुखणं) होऊन गेलेल्यांनी मात्र लवचिक फ्रेमच घ्यावी.