तर्री-पोहे झणझणीत, वाद त्याहून तिखट

चांदूर बाजार तालुक्यातील आमच्या गावाच्या बसथांब्यावरील या टपरीत तर्री-पोहे उत्तम मिळतात. चण्याची तर्री झणझणीत असूनही तेलकट वाटत नाही आणि पुन्हा मागितल्यास काका कुरकुर न करता वाढतात. मात्र निवांत खायचे असल्यास सामन्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नये. भारताच्या टी-ट्वेंटी संघात यष्टिरक्षक संजू सॅमसन असावा की आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा, हा वाद येथे मिटत नाही. २०२५ च्या आशिया चषकात जितेश बाकावरच बसला, असे म्हणताच त्याचे चाहते त्याच वर्षी आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत केलेल्या नाबाद ८५ धावा पुढे करतात. संजूची २०२४ मधील तीन शतके मोजणारे गुरुजी एकटेच असले, तरी माझ्या मते त्यांचाच मुद्दा सबळ आहे. चहा फार गोड असतो.